हजारामागे ११२२: रत्नागिरीचा आकडा नीट वाचू या

आठ मार्च जवळ आला की कोकणातल्या व्हॉट्सॲप गटांवर एक आकडा हमखास फिरतो. रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, महाराष्ट्रात पहिला नंबर. खाली कुणीतरी लिहितं, ‘आमच्याकडे मुलगी म्हणजे लक्ष्मी’, आणि अंगठ्यांचा पाऊस पडतो. आकडा खरा आहे, २०११च्या जनगणनेतला आहे. पण त्यावरून लक्ष्मीपर्यंत मारलेली उडी जरा लांबची आहे.

लिंग गुणोत्तर म्हणजे दर हजार पुरुषांमागे किती स्त्रिया, एवढंच. घरात कोण कोणाला कसं वागवतं हे त्यात येत नाही. कोण कुठे राहतं हे मात्र पुरेपूर येतं. २०११ला महाराष्ट्राचं गुणोत्तर ९२९ होतं. तेव्हाच्या ३५ जिल्ह्यांपैकी हजाराच्या वर फक्त दोन, आणि दोन्ही आपलेच: रत्नागिरी ११२२, सिंधुदुर्ग १०३६. आता किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला सरका. रायगड ९५९. ठाणे (तेव्हा पालघर त्यातच होतं) ८८६. मुंबई उपनगर ८६०. मुंबई शहर ८३२. वेंगुर्ल्यापासून कुलाब्यापर्यंत समुद्र एकच, पण दक्षिणेकडे पुरुष कमी पडतात आणि उत्तरेकडे जास्त होतात. मुंबईतले जादा पुरुष सगळे आपले नव्हेत. साताऱ्यापासून उत्तर प्रदेशापर्यंत सगळीकडचे आहेत. पण कोकणातून कमी झालेले पुरुष बहुतेक तिथेच सापडतील.

रत्नागिरी जिल्ह्यात २०११ला ७,६१,१२१ पुरुष आणि ८,५३,९४८ स्त्रिया मोजल्या गेल्या. फरक ९२,८२७ चा. त्यातला थोडा भाग बायका सरासरीने जास्त जगतात म्हणून आहे, ते जगभर असतं. बाकीचा बहुतेक परळ, विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवली असा वाटला गेला आहे.

मुलींचं काय, हे पाहायचं असेल तर शून्य ते सहा वयाचं गुणोत्तर वेगळं काढावं लागतं, कारण सहा वर्षांचं पोर नोकरीसाठी मुंबईला जात नाही. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण ९५० मुली जन्मतात. रत्नागिरीचा २०११चा आकडा ९४०च्या आसपास होता. राज्याचा ८९४. म्हणजे गर्भात मुलगी आहे म्हणून पाडण्याचा प्रकार इथे राज्याच्या मानाने कमी झाला असं म्हणता येतं, आणि त्याचं कौतुक जरूर करावं. पण लहान वयात इथेही मुलगेच जास्त आहेत. पुढे कमावत्या वयापर्यंत पोचेपर्यंत तराजू उलटा होतो, तो पुरुष एसटीत बसल्यामुळे.

माणूस मोजतात कुठे?

जनगणनेचा प्रगणक दारात येऊन विचारतो, ‘घरात कोण कोण रवतत?’ आजी सगळ्यांची नावं सांगत सुटते. थोरला, मधला, धाकटा, सुना, नातवंडं. आजीच्या लेखी घर म्हणजे हे सगळे. थोरला बावीस वर्षं कांजूरला राहतो, हे तिच्या दृष्टीने तात्पुरतं आहे. प्रगणकाला मात्र नियम पाळायचा असतो. माणूस नेहमी राहतो तिथे मोजायचा. मोजणीच्या सगळ्या काळात तो या घरी नव्हता, तर त्याचं नाव इथे घ्यायचं नाही. त्यामुळे गंमत अशी होते की थोरल्याचं नाव सातबाऱ्यावर आहे, घरपट्टीच्या पावतीवर आहे, देवळाच्या वर्गणीच्या वहीत सगळ्यात वर आहे, क्वचित दोन ठिकाणच्या मतदार यादीतही आहे, आणि जनगणनेत तो गावचा नाही.

२०११ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. त्या वर्षी होळी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात होती. म्हणजे चाकरमानी शिमग्याला यायच्या आधीच मोजणी आटोपली. हीच मोजणी गणेशचतुर्थीच्या दिवशी केली असती तर दोन्ही जिल्ह्यांचे आकडे ओळखू आले नसते. पण जनगणना मुद्दामच असा काळ निवडते की लोक आपापल्या रोजच्या जागी असतील. त्यात चूक काही नाही. आपल्याकडे ‘रोजची जागा’ आणि ‘घर’ या दोन गोष्टी गेली दीडशे वर्षं वेगळ्या आहेत, एवढंच.

आखातात गेलेल्यांची गोष्ट आणखी निराळी. मंडणगड, दापोली, खेड, चिपळूण, तसंच रायगडातलं म्हसळा-श्रीवर्धन, या पट्ट्यातल्या कोकणी मुसलमान कुटुंबांतले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या आधी बोटींवर आणि मग कुवेत, सौदी, दुबईला गेले. मुंबईतला चाकरमानी निदान मुंबईच्या आकड्यात येतो. मोजणीच्या काळात कुवेतमध्ये असलेला माणूस भारताच्या कुठल्याच आकड्यात नसतो. त्याने पाठवलेल्या पैशांतून बांधलेलं दोन मजली घर मात्र घरयादीत येतं, आणि त्यात राहणारी बायको आणि सासू स्त्रियांच्या रकान्यात.

हे सुरू कसं झालं

कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, पण जांभ्याची जमीन आणि सह्याद्रीचा तीव्र उतार यांमुळे पाणी पटकन समुद्राला मिळतं. पावसाळी भात एकदा काढलं की बहुतेक शेतं मोकळी. खोताचा, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचा, वाटा देऊन कुळाच्या हातात फार उरत नसे. खोती कायद्याने गेली ती १९४९च्या कायद्यानंतर. त्यामुळे पोटासाठी बाहेर पडणं आलंच, आणि गिरण्यांच्या आधी त्यासाठी सैन्याची वाट होती. मुंबई इलाख्याच्या फौजेत कोकणातले महार आणि मराठे मोठ्या संख्येने होते, आणि दापोलीला अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात ते त्या छावणीमुळे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, पण त्यांचा जन्म १८९१ला महूला झाला, कारण वडील फौजेत तिथे होते. आजच्या जनगणनेच्या भाषेत ते ‘जन्मस्थळ’ आणि ‘मूळ गाव’ वेगळं असणारं कुटुंब. त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात अशी घरं भरपूर होती.

मग १८५४ला मुंबईत पहिली कापड गिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत गिरणगाव वसला. तिथल्या कामगारांत रत्नागिरी जिल्हा आघाडीवर. (सिंधुदुर्ग १९८१ला वेगळा झाला, तोवर सगळं मिळून रत्नागिरीच.) एका वाडीतले पंधरा-वीस गडी एका खोलीत पाळ्या लावून झोपत, खानावळीत जेवत आणि महिन्याला मनीऑर्डर करत. बायको गावी, कारण खोलीत जागा नव्हती आणि शेत, गुरं, सासू-सासरे बघायला माणूस हवं होतं. अनेक वर्षं अनेक घरांत बापाची ओळख म्हणजे मे महिन्यात येणारा, पत्र्याची पेटी घेऊन आलेला पाहुणा. ११२२ चा पाया तिथे घातला गेला.

हे झालं नेहमीचं उत्तर. पुरुष मुंबईला, बायका गावी. शाळेतल्या भूगोलाच्या पुस्तकातही जवळजवळ असंच सापडेल. पण २००१ आणि २०११ हे दोन्ही आकडे समोर ठेवले की या उत्तराला तडा जातो, आणि मला तरी खरी गोष्ट तिथून पुढची वाटते.

आता बायकाही निघाल्या

रत्नागिरीचं गुणोत्तर २००१ला ११३६ होतं, २०११ला ११२२. सिंधुदुर्गाचं १०७९ वरून एकदम १०३६ वर आलं. याच दहा वर्षांत रत्नागिरीची एकूण लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर घसरली, आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर. राज्य याच काळात १६ टक्क्यांनी वाढत होतं. मुंबई शहर जिल्हा सोडला तर राज्यात घट झालेले हेच दोन जिल्हे.

घट झाली ती कोणाची, हे पाहा. रत्नागिरीत पुरुष सुमारे ३३ हजारांनी कमी झाले, स्त्रिया ४८ हजारांनी. सिंधुदुर्गात तर पुरुष ४,१७,८९० होते ते ४,१७,३३२ झाले, म्हणजे ५५८चा फरक, जवळजवळ जैसे थे. स्त्रिया मात्र ४,५०,९३५ वरून ४,३२,३१९ वर आल्या. साडेअठरा हजारांहून जास्त. जिल्ह्याची जी काही घट आहे ती जवळपास पूर्ण स्त्रियांची आहे.

गुणोत्तर घसरलं की ‘मुली कमी झाल्या’ असं छापून येतं. इथे बहुतांशी तसं नाही. जुन्या पद्धतीत गावी राहणारी जी बाई होती, ती आता राहत नाही. गिरणीतल्या पंधरा-वीस जणांच्या खोलीत तिला जागा नव्हती. नालासोपाऱ्याच्या वन रूम किचनमध्ये आहे. १८ जानेवारी १९८२ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा बरेच उतारवयातले कामगार गावी परतले, म्हणजे पुरुषांच्या बाजूला थोडी भर पडली. गिरणी कामगारांच्या ज्या बायकांनी आयुष्यभर एकटीने नांगरणी-लावणी ओढली, ती पिढी या काळात वय होऊन जाऊ लागली. मुली बारावीनंतर शिकायला रत्नागिरी, कोल्हापूर, मुंबईला गेल्या आणि तिथेच नोकरीला लागल्या. नक्की कोणत्या कारणाचा वाटा किती, हे नुसत्या गुणोत्तरातून निघत नाही, पण दिशा सगळ्यांची एकच आहे.

लग्नाच्या बाजारातही हे स्वच्छ दिसतं. पूर्वी मुलीकडचे विचारायचे, शेत किती, आंब्याची कलमं किती. आता पहिला प्रश्न, मुंबईत खोली आहे का? गावात राहून बागायत करणारा, चांगले पैसे मिळवणारा मुलगा पस्तिशीला पोचला तरी बिनलग्नाचा असतो. जिल्ह्यात हजाराला ११२२ बायका आहेत हे त्याला सांगून बघा काय उत्तर मिळतं ते.

जाणाऱ्यांच्या जागी कोणी येतही नाही असं मात्र नाही. आंब्याच्या बागेत राखणीला आणि फवारणीला नेपाळी, मासेमारीच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून पुन्हा नेपाळी, बांधकामावर कर्नाटकातले आणि बिहारमधले. रायगड-ठाण्याच्या डोंगरातले कातकरी उलट दिशेने वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर हिंडतात. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक आहे, आणि पावसाळा सोडला तर वर्षाचा मोठा काळ घराबाहेर असल्यामुळे मोजणीत हातून निसटण्याची भीती त्यांच्या बाबतीत सगळ्यात जास्त.

सरासरीचा फसवा खेळ

लोक कमी-जास्त झाले की इतर आकडेही वाकडे होतात. साक्षरतेचं पाहा. रत्नागिरी ८२.१८ टक्के, राज्य ८२.३४. टिळकांचं जन्मगाव म्हणवणारा जिल्हा राज्याच्याही किंचित मागे? असं वाटून वाईट वाटायच्या आधी आकडा फोडा. रत्नागिरीच्या पुरुषांत साक्षरता सुमारे ९१ टक्के, राज्यातल्या पुरुषांत ८८. स्त्रियांत रत्नागिरी साधारण साडेचौऱ्याहत्तर, राज्य पंच्याहत्तरच्या थोडं वर. म्हणजे पुरुषांत आपण बरेच पुढे आहोत आणि स्त्रियांत थोडे मागे. पण आपल्याकडे स्त्रियांचीच संख्या जास्त, त्यामुळे सरासरी काढताना त्यांच्या आकड्याचं वजन जास्त पडतं. राज्यात स्त्री-पुरुषांचं जे प्रमाण आहे तेच रत्नागिरीत असतं, तर हाच जिल्हा ८३ टक्क्यांवर गेला असता, राज्याच्या पुढे. एकाही माणसाला नवीन अक्षर न शिकवता.

शिवाय शिकलेली तरुण पोरं जातात आणि वाडीत शाळाच नव्हती त्या काळात वाढलेल्या आज्या मागे राहतात. जिल्हा शिकवतो ते मुंबई-ठाण्याच्या साक्षरतेत जमा होतं. सिंधुदुर्ग ८५.५६ वर आहे, यात मला तरी तिथल्या शाळांचं मोठं श्रेय दिसतं, कारण वयस्कर लोकसंख्येचं ओझं त्यालाही आहेच. साठीच्या पुढच्यांचं प्रमाण या दोन्ही जिल्ह्यांत राज्याच्या सरासरीपेक्षा बरंच जास्त आहे.

जिल्हा हा तुकडाही कधीकधी फार मोठा पडतो. रायगड २०११पर्यंतच्या दहा वर्षांत १९ टक्क्यांनी वाढला, म्हणून तो ‘वाढणारा जिल्हा’. पण वाढ पनवेल, उरण, खालापूर या बाजूची. पनवेल तर २०१६ला महानगरपालिका झालं. पोलादपूर, म्हसळा, श्रीवर्धन या दक्षिणेच्या तालुक्यांची रीत थेट रत्नागिरीसारखी. तिथे गुणोत्तरही हजाराच्या वर. दोघांची सरासरी काढून ९५९ येतं, आणि तो आकडा ना पनवेलचा, ना पोलादपूरचा.

आकडा कमी झाला की जातं काय?

आमदार जातात. २००९च्या निवडणुकीपासून जे मतदारसंघ लागू झाले ते २००१च्या लोकसंख्येवर आखलेले आहेत. त्याआधी रत्नागिरीत विधानसभेच्या सात जागा होत्या, आता पाच. सिंधुदुर्गात चार होत्या, आता तीन. खेड, संगमेश्वर, देवगड, मालवण, वेंगुर्ला ही मतदारसंघांची नावं गेली. लोकसभेला रत्नागिरी आणि राजापूर असे दोन मतदारसंघ होते. आता रत्नागिरी-सिंधुदुर्ग एक, आणि दापोली-गुहागरचा भाग रायगडला जोडलेला. ज्या राजापूरने नाथ पै आणि मधु दंडवते लोकसभेत पाठवले, त्या नावाचा लोकसभा मतदारसंघच आता नाही. त्याच वेळी ठाणे जिल्ह्याच्या जागा तेराच्या चोवीस झाल्या.

यात एक बारीक गोष्ट आहे. १९९१ ते २००१ या काळात रत्नागिरीची लोकसंख्या घटली नव्हती, जवळपास दहा टक्क्यांनी वाढली होती. पण राज्य बावीस टक्क्यांच्या वर वाढलं. जागा वाटल्या जातात त्या हिश्श्याने, त्यामुळे वाढूनही हिस्सा कमी झाला आणि जागा गेल्या. २०११ला तर वाढही उरली नाही, पण त्यावर मतदारसंघ आखले गेलेले नाहीत. संविधानाप्रमाणे पुढची आखणी २०२६नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे.

दवाखान्यांचंही गणित लोकसंख्येवरच बसतं. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट भागात तीस हजारांमागे एक, डोंगरी आणि आदिवासी भागात वीस हजारांमागे. उपकेंद्र पाच हजार किंवा तीन हजारांमागे. सिंधुदुर्गात चौरस किलोमीटरला १६३ माणसं. गाव म्हणजे एका डोंगराच्या चार अंगांना पसरलेल्या दहा वाड्या. तीन हजार माणसं गोळा करायला किती चढ-उतार धरावे लागतात, हे तिथल्या आशाताईंना विचारा. त्यातही राहणारी माणसं वयस्कर, म्हणजे दवाखान्याची गरज सरासरीहून जास्त. शाळांचा पट तर विचारूच नका. पहिली ते चौथी मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं असलेल्या शाळा दोन्ही जिल्ह्यांत आहेत.

पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ची मध्यरात्र ही संदर्भवेळ जाहीर झाली आहे, आणि माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीत. म्हणजे याही वेळी शिमग्याच्या आधी. या वेळी जातही विचारली जाणार आहे, आणि स्वतःची माहिती स्वतः ऑनलाइन भरायची सोय असणार आहे. मुंबईत बसून गावच्या घराच्या नावाने फॉर्म भरायचा मोह अनेकांना होईल, ‘तेवढीच गावची संख्या वाढेल’ म्हणून. तसं करू नये. दोन्हीकडे नाव लागलं तर मोजणी चुकते, आणि नुसतं गावी लावलं तर जिथे रोज नळाचं पाणी, लोकल आणि दवाखाना लागतो तिथल्या हिशोबातून तुम्ही बाद होता. गावच्या आजीलाही आधी फोन करून सांगून ठेवावं, प्रगणक आला की फक्त घरात खरोखर राहणाऱ्यांची नावं सांग म्हणून. ती रागावेल. तिला सांगा की रेशन कार्ड, सातबारा, मतदार यादी यांचा या मोजणीशी काही संबंध नाही, आणि जनगणनेच्या कायद्याप्रमाणे दिलेली माहिती गोपनीय राहते, तिच्यावरून जमिनीतला कुणाचाही हिस्सा ठरत नाही. कोकणात बहुतेक वेळा खरी भीती तीच असते.